देवळाची निगा
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



या महोत्सवाच्या निमित्तानें आतांपर्यंत झालेल्या भाषणांत आपल्या पूर्वजांविषयीं, त्यांच्या श्रद्धेविषयीं आणि त्यांनीं सोसलेल्या कष्टांविषयीं पुष्कळ बोधप्रद गोष्टी आपण ऐकल्या. आमच्या वांट्यास आलेला विषय त्या मानानें रुक्ष आहे. देवळाची इमारत व देवळाचें आवार यांची व्यवस्था कशी ठेवावी, याविषयीं चार शब्द बोलावे, अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. म्हणजे आम्हांस कौलें, पन्हळी, चुना, वाळवी, कुलपें आणि जमाखर्चाच्या वह्या यांविषयीं बोलावयाचें आहे. हे विषय व्यासपीठावर शोभतात कीं नाहीं, अशी शंका कोणास येईल. परंतु ज्या छपराखालीं आपण मिस्साबलिदानास जमतों, जेथें आपल्या लेकरांचा बाप्तिस्मा होतो व जेथून आपल्या मृतांस शेवटचा निरोप दिला जातो, तें छप्पर कोणीतरी राखिलें म्हणूनच आज आपल्या डोक्यावर आहे. त्या राखणाऱ्यांचीं नांवें कोणत्याहि शिलालेखावर नाहींत. तेव्हां त्यांच्या कामाविषयीं बोलणें हेंहि पूर्वजांचें स्मरणच होय.

शिवाय हा प्रश्न आज आपल्यापुढें प्रत्यक्ष उभा आहे. महोत्सवासाठीं जो निधि जमला आहे, त्याचा विनियोग कसा करावा याविषयीं आपल्यांत दोन मतें आहेत, हें सर्वांस ठाऊक आहे. कित्येकांचें म्हणणें असें कीं, या शुभ प्रसंगीं देवळांत संगमरवरी फरशी बसवावी, दर्शनी भिंत झळकती करावी आणि आवाराच्या तोंडाशीं एक भव्य कमान उभारावी. दुसऱ्यांचें म्हणणें असें कीं, प्रथम छप्पर, पन्हळी व भिंतींतील ओल यांकडे पाहावें, आणि जें उरेल तें पुढील वर्षांसाठीं वेगळें राखून ठेवावें. दोन्ही पक्ष देवळावर प्रेम करणारे आहेत, याविषयीं आमच्या मनांत संशय नाहीं. आम्ही दुसऱ्या पक्षाचे आहों. कां आहों, तें सांगण्याची आपण परवानगी द्यावी.

राजांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायांत या विषयाची एक फार जुनी कथा आहे. यहूदाचा राजा योआश यानें यरुशलेमच्या मंदिराची डागडुजी करण्याची आज्ञा याजकांस दिली व त्यासाठीं लोकांनीं आणलेला पैसा घेण्याची मुभाहि दिली. परंतु त्याच्या राज्याचें तेविसावें वर्ष उजाडलें, तरी मंदिराचीं भगदाडें तशींच होतीं. पैसा येत नव्हता असें नाहीं. उणीव होती ती व्यवस्थेची. मग यहोयादा याजकानें एक पेटी घेतली, तिच्या झांकणास भोंक पाडलें आणि ती वेदीच्या बाजूस ठेविली. पेटींत पुष्कळ पैसा झाला म्हणजे राजाचा लेखक व मुख्य याजक दोघे येऊन तो मोजीत, आणि कामावर देखरेख करणाऱ्यांच्या हातीं देत. त्यांतून सुतार, गवंडी व पाथरवट यांची मजुरी भागे आणि लांकूड व दगड विकत घेतले जात. त्या पैशांतून चांदीचे पेले किंवा कर्णे केले गेले नाहींत, असेंहि शास्त्र मुद्दाम नमूद करतें. दुरुस्तीचा पैसा वेगळा ठेवावा, तो दोघांनीं मिळून मोजावा, आणि भगदाड बुजण्यापूर्वीं तो शोभेकडे वळवूं नये, इतका बोध या कथेंत सरळच आहे. आमच्या बोलण्याचा गाभाहि तोच आहे.

देवळें कशानें पडतात, असें विचारलें तर भूकंप, युद्ध व वीज यांचीं नांवें प्रथम तोंडावर येतात. आपल्या किनाऱ्यावरील देवळांचा इतिहास निराळें सांगतो. जुन्या गोव्यांतील पवित्र टेकडीवर ऑगस्टीनियन संन्याशांचें मोठें देऊळ १६०२ सालीं पुरें झालें. त्याचा घंटामनोरा सुमारें ४६ मीटर उंच होता. दोनशेंहून अधिक वर्षें तें देऊळ पाऊसवारा सोसून उभें राहिलें. पुढें पोर्तुगीज सरकारनें धर्मसंघ बंद केले, आणि १८३५ सालीं त्या संन्याशांस तेथून जावें लागलें. देऊळ ओस पडलें. त्यानंतर अवघ्या सात वर्षांत, १८४२ सालीं, त्याचें कमानदार छत कोसळलें. १९३१ सालीं दर्शनी भिंत व मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. आज तेथें प्रवासी पाहतात तो उरलेल्या मनोऱ्याचा जांभ्या दगडाचा सांगाडा. त्या देवळाची मोठी घंटा मात्र वांचली. ती १८७१ सालीं पणजीच्या निष्कलंक गर्भसंभव मातेच्या देवळास मिळाली, आणि तेथील लोकांनीं ती आजवर जपली आहे.

दूर कशास जावें? वसईचा किल्ला आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिला आहे. १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या फौजेनें तो घेतला व पोर्तुगीज वस्ती तेथून निघून गेली. ज्या देवळांत रोज दिवा लागत होता, तेथें केर काढणारा, कौल सरकवणारा, पन्हळ मोकळी करणारा कोणी उरला नाहीं. आतां तेथें उंच भिंती व रिकाम्या कमानी आहेत, आणि त्यांच्या सांध्यांतून वडापिंपळाचीं मुळें शिरलेलीं आहेत. किल्ल्याबाहेरील गांवांत मात्र ख्रिस्ती लोक राहिले. त्यांनीं आपलीं देवळें डागडुजी करून, कांहीं ठिकाणीं नव्यानें बांधून, वापरांत ठेविलीं, आणि आज दर रविवारीं तीं भरतात. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडला. एकीकडे त्याच्या पाण्यास वाट करून देणारीं माणसें होतीं, दुसरीकडे नव्हतीं.

कोणी म्हणेल, आपलें देऊळ कांहीं ओस पडलेलें नाहीं. तेव्हां आपणांस भय कशाचें? भय याचेंच कीं, माणसें असूनहि लक्ष नसूं शकतें. ओस पडलेल्या देवळाचें जें सात वर्षांत होतें, तें दुर्लक्षित देवळाचें चाळीस वर्षांत होतें, आणि सावकाश होत असल्यामुळें तें कोणाच्या नजरेस येत नाहीं. म्हणून हें नुकसान कसें चालतें, तें थोडें समजून घेऊं.

आपल्या कोंकणपट्टींत वर्षास दोन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. एका चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस पडला म्हणजे तें एक लिटर पाणी होतें. या हिशोबानें पांचशें चौरस मीटर छपरावर एका पावसाळ्यांत दहा लाख लिटर पाणी पडतें. पन्हळी धड असल्या व खालचें गटार मोकळें असलें, तर हें सर्व पाणी देवळास स्पर्श न करितां निघून जातें. पण पन्हळ एका ठिकाणीं फुटली कीं त्या भागाचें सर्व पाणी एकाच जागीं, भिंतीच्या पायाशीं, चार महिने ओततें. आपण ज्या दिवशीं फुटकी पन्हळ पाहून "पुढच्या वर्षीं बघूं" असें म्हणतों, त्या दिवशीं आपण खर्च वांचवीत नाहीं; तो आपल्या नातवंडांच्या नांवावर चढवितों.

एक कौल सरकलें तर काय होतें, हेंहि पाहावें. प्रथम रीप भिजते. मग वासा भिजतो. वाशाचें जें टोक भिंतींत बसविलेलें असतें, तेथें वारा लागत नाहीं. म्हणून कुजणें तेथूनच सुरू होतें, आणि तें खालून दिसत नाहीं. ओल्या लांकडास वाळवी फार लवकर लागते. वाशाचें टोक गेलें म्हणजे छपराचा भार बाजूस सरकतो व भिंतीस बाहेर रेटतो. मग भिंतीस उभी चीर पडते, आणि तेव्हां कोठें सर्वांचें तिकडे लक्ष जातें. एक कौल बदलण्यास शिडी व अर्ध्या तासाचें काम लागतें. चीर पडलेली भिंत सांवरण्यास किती वर्षांच्या वर्गण्या लागतील, तें ज्यांनीं घर बांधलें आहे त्यांस सांगावयास नको.

आतां भिंतीविषयीं. आपल्याकडील जुनीं देवळें दगडाचीं आहेत, पण त्यांस धरून ठेवणारा आहे तो चुना. पूर्वीं तो चुनखडीचा किंवा शिंपल्यांचा भाजीत, पाण्यांत विरवीत, दिवसेंदिवस मळीत. चुन्याचा गिलावा ओल आंत कोंडून ठेवीत नाहीं. भिंतींत शिरलेलें पाणी त्यांतून हळूहळू बाहेर उडून जातें. सिमेंटाचा गिलावा घट्ट असतो. तो जुन्या चुन्याच्या भिंतीवर चढविला कीं पहिलीं दोन वर्षें भिंत फार सुंदर दिसते. परंतु आंतली ओल आंतच अडकते, क्षार गिलाव्याच्या मागें सांचतात, भिंतीस लोणा धरतो, आणि पापुद्रे सुटूं लागतात. सिमेंट वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीस तेंच योग्य आहे. परंतु चुन्याच्या भिंतीस चुनाच द्यावा, हा नियम जुन्या गवंड्यांस ठाऊक होता आणि आजचे जाणते स्थापत्यज्ञहि तेंच सांगतात.

भिंतीचा गिलावा म्हणजे केवळ शोभा नव्हे, याचें मोठें उदाहरण जुन्या गोव्यांतच आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष जेथें आहेत, त्या बॉम जेझुसच्या देवळाचें काम १५९४ सालीं सुरू झालें व १६०५ सालीं त्याचा अर्पणविधि झाला. तें जांभ्या दगडाचें असून त्याच्या दर्शनी भागावरील कोरीव कामास लागलेला काळा दगड वसईहून नेलेला आहे, ही गोष्ट वसईकरांनीं अभिमानानें लक्षांत ठेवावी. या देवळावर पूर्वीं चुन्याचा गिलावा होता. १९५० नंतरच्या दशकांत, जुनेपणाचा देखावा यावा या हेतूनें, पोर्तुगीज अमदानींतच तो बाहेरून काढून टाकण्यांत आला. जांभा हा मऊ व सच्छिद्र दगड. तेव्हांपासून तो उघड्या अंगानें पावसाळा सोशीत आहे व झिजत आहे. १९८६ सालीं गोव्यांतील देवळें व मठ जागतिक वारशाच्या यादींत गेले, त्यांत हेंहि आहे. तरीहि गिलावा पुन्हा द्यावा कीं काय, याविषयीं अलीकडच्या वर्षांत बराच वाद झाला आहे. प्रवासी त्या तांबड्या भिंतीचें कौतुक करतात, त्यांस दोष नाहीं. पण डोळ्यांस बरें दिसतें म्हणून केलेलें काम इमारतीस बरें असतेंच असें नाहीं, एवढें आपण त्यावरून शिकावें. आपल्या दर्शनी भिंतीस झळकता रंग देण्यापूर्वीं त्या रंगाखालीं ओल कोंडणार आहे कीं काय, हें विचारण्यास आपणांस लाज वाटूं नये.

मग करावें काय? आमचें उत्तर असें कीं, देवळाच्या निगेस एक ठराविक वार्षिक क्रम असावा. जसा उपासनेस आगमनकाळ आहे, उपवासकाळ आहे, तसाच. भर पावसांतच एकदोघांनीं देवळांत फिरून पाणी कोठें गळतें तें पाहावें व तेथें खूण करावी, कारण ऊन पडल्यावर गळतीची जागा सांपडत नाहीं. पाऊस सरल्यावर भिंतींच्या सांध्यांत उगवलेलीं पिंपळ, वड व उंबर यांचीं रोपें काढावीं. पक्ष्यांच्या विष्ठेंतून पडलेलें तें बीं आज बोटाएवढें आहे. दहा वर्षांनीं त्याचें मूळ दगड उचलील. रोप नुसतें छाटून भागत नाहीं, तें मुळासकट गेलें पाहिजे. हिंवाळ्यांत लांकूडकाम तपासावें, वाळवीची वाट शोधावी, घंटामनोऱ्याच्या झरोक्यांस जाळी आहे कीं नाहीं तें पाहावें, म्हणजे पारवे व वटवाघळें आंत घाण करणार नाहींत. घंटेचा लोलक, तिचा कणा व तिला तोलणारी तुळई यांकडे दर वर्षीं नजर टाकावी. उन्हाळ्यांत कौलें चाळावीं, पन्हळी व गटारें साफ करावीं, आणि मनोऱ्यावरील वीजवाहक तार जमिनीपर्यंत अखंड आहे याची खात्री करून घ्यावी. दर कांहीं वर्षांनीं एखाद्या जाणत्या स्थापत्यज्ञाकडून सर्व इमारत तपासून घ्यावी. हीं कामें लहान आहेत. तीं वेळच्या वेळीं झालीं तर मोठें काम क्वचितच निघतें.

विजेच्या तारांविषयीं मात्र वेगळें सांगितलें पाहिजे. आपल्या देवळांत पंखे आले, ध्वनिक्षेपक आले, सणाच्या रोषणाईच्या माळा आल्या. पण कित्येक ठिकाणीं भिंतींतील तारा जुन्या काळच्याच राहिल्या. पॅरिस येथील नोत्र दामचें देऊळ १५ एप्रिल २०१९ रोजीं संध्याकाळीं पेटलें, तेव्हां तेथें दुरुस्तीचेंच काम चाललें होतें. धोक्याची पहिली सूचना वेळेवर मिळाली. परंतु पाहावयास गेलेला मनुष्य चुकीच्या जागीं गेला, आणि आग छपरांत आहे हें कळेपर्यंत सुमारें अर्धा तास निघून गेला. शेंकडों वर्षांचें ओकाचें छप्पर त्या रात्रीं जळालें. डिसेंबर २०२४ मध्यें तें देऊळ पुन्हा उघडलें, याबद्दल आपण देवाचे आभार मानले. आपल्याजवळ त्या राष्ट्राएवढा पैसा नाहीं. म्हणून आपणांस अधिक सावध राहिलें पाहिजे. रात्रीं देवळाचा मुख्य खटका बंद कोण करतो, अग्निशामक नळकांडें कोठें आहे, तें चालवितां कोणास येतें, आणि बाजूच्या दाराची किल्ली कोणाकडे असते, या चार प्रश्नांचीं उत्तरें सणापूर्वीं ठरलेलीं असावीं.

इमारतीप्रमाणें तिच्या आंतील ठेव्याचीहि निगा आहे. लांकडी वेदी, जुन्या मूर्ति, पवित्र पात्रें, वस्त्रें आणि बाप्तिस्मा, विवाह व मरण यांचीं नोंदपुस्तकें हें सर्व आपलें नव्हे. आपल्या हातीं सोंपविलेलें आहे. भक्तीच्या भरांत जुन्या मूर्तीस तैलरंग फांसण्याची आपल्याकडे फार हौस आहे. त्या रंगाखालीं कधीं सोन्याचा वर्ख असतो, कधीं जुन्या कारागिराचें सूक्ष्म काम असतें, आणि तें एकदां झांकलें कीं परत मिळविणें फार कठीण. १९८३ सालच्या कॅनन कायद्याचें ११८९ वें कलम स्पष्ट आहे: जी प्रतिमा तिच्या पुरातनत्वामुळें, कलेमुळें किंवा लोकांच्या भक्तीमुळें मौल्यवान आहे, ती बिशपसाहेबांच्या लेखी परवानगीवांचून दुरुस्त करूं नये. नोंदपुस्तकें ओलीपासून व वाळवीपासून दूर, लोखंडी कपाटांत ठेवावीं. आपल्यांतील कित्येकांस आपल्या पणजोबांचें नांव केवळ त्या पानांवरूनच कळणार आहे.

आतां आवार. आवार म्हणजे सणाच्या दिवशीं मंडप घालण्याची मोकळी जागा, एवढाच त्याचा अर्थ नव्हे. पायाशीं पाणी सांचूं नये म्हणून जमिनीचा उतार भिंतीपासून बाहेर असावा. पण अलीकडे सर्व आवारास फरशी किंवा काँक्रीट घालण्याची चाल पडली आहे, आणि तें करतांना जमिनीची पातळी दर वेळीं चार बोटें वाढते. शेवटीं आवार उंच व देऊळ खोल अशी स्थिति होते, आणि पाणी उंबऱ्यापर्यंत येतें. फरशीखालीं माती गुदमरते, विहिरीस पाझर मिळत नाहीं, आणि उन्हाळ्यांत तेथें उभें राहवत नाहीं. त्यापेक्षां कांहीं जमीन उघडी ठेवावी, छपराचें पाणी गाळून विहिरीकडे वळवावें, आणि भिंतीपासून सुरक्षित अंतरावर सांवलीचीं झाडें राखावीं. ज्या दहा लाख लिटर पाण्याचें आम्हीं भय दाखविलें, तेंच पाणी वाट मिळाली तर उन्हाळ्यांतील आशीर्वाद होईल.

दफनभूमि ही आवारांतील सर्वांत मौनी जागा. म्हणून तिचें दुर्लक्ष सर्वांत सोपें. मृतांच्या स्मरणदिनाच्या आदल्या आठवड्यांत तेथें सर्वत्र लगबग असते, हें चांगलें आहे. पण उरलेले अकरा महिने गवत, मोडके क्रूस व तुंबलेलें गटार यांकडेहि कोणाची दृष्टि असावी. ज्यांचे वंशज परगांवीं गेले, त्यांच्या कबरीची निगा साऱ्या धर्मग्रामानें आपली मानावी.

जमिनीविषयीं एक व्यावहारिक सूचना करणें अवश्य आहे. मुंबईच्या आसपासच्या गांवांत जमिनीचे भाव किती चढले आहेत, हें आपण जाणतां. आवाराच्या चारी हद्दी ठाऊक असलेली वडीलधारी माणसें एकेक करून जात आहेत. म्हणून सातबाराचे उतारे, नकाशे व मोजणीचे कागद एके ठिकाणीं, प्रतींसह, ठेवावे. हद्दीचे दगड दर वर्षीं जाऊन पाहावे. विश्वस्त संस्थेची स्थावर मिळकत विकण्यास १९५० सालच्या महाराष्ट्रांतील सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणें धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि धर्मसभेच्या कायद्यानेंहि वरिष्ठांची संमति लागते. हीं बंधनें त्रासासाठीं नाहींत. एका पिढीच्या घाईपासून पुढच्या पिढीचें रक्षण व्हावें म्हणून तीं आहेत.

हें सर्व कोणी करावयाचें? धर्मगुरूंनीं, असें म्हणून मोकळें होणें फार सोपें. परंतु धर्मगुरु बदलून जातात; देऊळ व आपण येथेंच राहतों. कॅनन कायद्याच्या ५३७ व्या कलमानें प्रत्येक धर्मग्रामांत अर्थव्यवहारसमिति असलीच पाहिजे, आणि तींत श्रद्धावंतांनीं धर्मगुरूंस साह्य करावयाचें आहे. १२२० व्या कलमानें देऊळ स्वच्छ व देवाच्या घरास शोभेल असें ठेवण्याची जबाबदारी संबंधित सर्वांवर टाकिली आहे. १२८३ व्या कलमानें मालमत्तेची यादी, १२८४ व्या कलमानें नीट ठेवलेल्या जमाखर्चाच्या वह्या व वर्षअखेरचा अहवाल, आणि १२८७ व्या कलमानें श्रद्धावंतांनीं दिलेल्या दानाचा त्यांस हिशोब, इतक्या गोष्टी आवश्यक ठरविल्या आहेत. आपल्या वाडवडिलांस हें नवें नव्हतें. पोर्तुगीज काळापासून देवळाच्या निगेच्या निधीस "फाब्रिका" म्हणत. रोम येथील संत पेत्राच्या मंदिराचा पाया १५०६ सालीं घातला गेला व १६२६ सालीं त्याचा अर्पणविधि झाला. परंतु तें काम पाहणारी "फाब्रिका" ही संस्था तेव्हां बरखास्त झाली नाहीं. तिचे कारागीर आजहि त्या मंदिराची डागडुजी करीत आहेत. यावरून पाहावें कीं, बांधणें एकदां संपतें. राखणें कधीं संपत नाहीं.

येथें दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला असा कीं, गोरगरीब उपाशी असतां दगडमातीवर पैसा कां घालावा? हा आक्षेप मनापासून घेणाऱ्यांविषयीं आम्हांस आदर आहे. पण असिसीच्या संत फ्रान्सिसकडे पाहावें. देवाचें पडकें घर सांवरण्याची हांक त्यानें ऐकली, आणि ती मोठ्या अर्थानें कळण्यापूर्वीं त्यानें सान दामियानोच्या मोडक्या देवळास आपल्या हातांनीं दगड लावले. गरिबांचा त्याहून मोठा मित्र कोण झाला? देऊळ ही गरिबाची एकमेव अशी वास्तु आहे कीं जेथें तो श्रीमंताच्या शेजारीं त्याच बांकावर बसतो. आणि वेळेवर केलेली दुरुस्ती स्वस्त असते. तिची टाळाटाळ करून मग मोठी वर्गणी बसवावी लागते, तेव्हां ती गरिबासच जड जाते. या दृष्टीनें पन्हळ दुरुस्त करणें ही दानधर्माच्या आड येणारी गोष्ट नसून त्याचें रक्षण करणारी आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, डागडुजी पुरे. जुनें पाडून मोठें नवें बांधावें. लोकसंख्या वाढली आहे, बांक अपुरे पडतात, हें खरें. इमारत खरोखर धोक्याची झाली असेल, तर माणसांच्या जिवापेक्षां भिंती मोठ्या नाहींत, हेंहि आम्ही मानितों. परंतु तो निर्णय जाणत्या माणसानें तपासणी करून द्यावा. गळक्या छपरानें देऊं नये. दुर्लक्षानें जीर्ण झालेलें देऊळ पाडून नवें बांधलें, आणि दुर्लक्षाची संवय तशीच राहिली, तर नव्यासहि तोच दिवस येईल. किंबहुना लवकर येईल, कारण काँक्रीटांतील लोखंडास गंज चढला म्हणजे तो आंतूनच काँक्रीट फोडतो.

म्हणून, बंधुभगिनींनो, या निधीविषयीं आमची नम्र विनंति अशी आहे. येत्या पावसाळ्यापूर्वीं छप्पर, पन्हळी, गटारें व विजेच्या तारा यांचें काम प्रथम पुरें करावें. भिंतींची ओल कोठून येते हें तज्ज्ञाकडून समजून घेऊन मगच गिलाव्यास हात लावावा. उरलेली रक्कम "देऊळ-निगा निधि" या नांवानें वेगळ्या खात्यांत ठेवावी. ती काढण्यास दोघांच्या सह्या लागाव्या, व दर वर्षीं तिचा हिशोब देवळाच्या दाराशीं लावावा. त्यानंतर संगमरवर हवा असेल तर आम्हीहि वर्गणी देऊं. कमानीविषयीं मात्र आम्ही एवढेंच म्हणूं कीं, आवारांत शिरणाऱ्यास आधीं उंबऱ्याशीं कोरडी जमीन मिळूं द्या.

आणखी एक गोष्ट, जिला पैसा लागत नाहीं. देवळाची एक वही असावी. तींत केव्हां कोणतें कौल बदललें, कोणत्या भिंतीस कोणता चुना दिला, विजेची तार कोठून गेली आहे, गटार कोठें तुंबतें, हें तारखेसह लिहावें. आज हें ज्ञान दोनचार वृद्धांच्या डोक्यांत आहे. त्यांच्याबरोबर तें दफनभूमींत जाऊं नये. तरुण मंडळींनीं त्यांच्यापाशीं बसून तें उतरून घ्यावें. शिडीवर चढणें तरुणांस जमेल, चुन्याची पारख गवंडीबंधूंस आहे, वस्त्रें व वेदी यांची निगा आपल्या भगिनी वर्षानुवर्षें करीतच आहेत, आणि आवारांतील केर उचलण्यास धर्मशिक्षणाचीं मुलें पुरेशीं आहेत. ज्या मुलानें लहानपणीं देवळाच्या गटारांतील पानें काढिलीं, तो मोठेपणीं तें देऊळ परकें मानणार नाहीं.

आपल्या पूर्वजांनीं हें देऊळ आपणांस धड दिलें. त्यांच्यांतील बहुतेक शेतकरी, कोळी, माळी व मजूर होते. त्यांच्या घरांवर कौल नव्हतें तेव्हांहि देवळावर होतें. आपणांकडून तेवढ्या त्यागाची अपेक्षा कोणी करीत नाहीं. वेळेवर लक्ष द्यावें, एवढीच अपेक्षा आहे. ज्या प्रभूनें नासरेथ गांवीं सुताराच्या घरांत काम केलें, तो आपल्या घराच्या वाशांकडे पाहणाऱ्यांचे हात बळकट करो. पवित्र मरिया माता व संत योसेफ आपल्यासाठीं विनंति करोत. आणि पुढील महोत्सवास येथें जमणाऱ्यांस कोरडें छप्पर, स्वच्छ आवार व खरा हिशोब आपल्या हातून मिळो, अशी आमची प्रार्थना आहे.